दुसरा चुडा

आई,

तुले नमस्कार. कारंज्यात मायं चांगलं चालू आहे, जेवण वेळेवर होते. फोनवर बाबा जवळ असतात, म्हणून लिहून राह्यली.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी लतीफाचाचीची मुलाखत घेतली. पहिले त्या गावोगाव बांगड्या भरत. म्हणाल्या, "किन्हीराजा गावच्या सोजरनं हळदीच्या दिवशी चुडा फोडला. 'मले हे लग्न नाही करायचं,' म्हणे. मी गुपचूप दुसरा भरला."

मी त्याच सोजरची पोरगी, हे तोंडातून निघालंच नाही. रेकॉर्डिंग चालू होतं.

मॅडम सांगतात, ज्याची गोष्ट त्याले विचारल्याशिवाय लिहायची नाही. म्हणून तुले विचारून राह्यली. नाही म्हटलं तर पुसून टाकीन.

बाबाचा खोकला कसा आहे?

आई, दुसरा चुडा काहून नाही फोडला?

तुयीच,
वर्षाराणी