‘खाली’ या एका शब्दाच्या दुरुस्तीबाबत

प्रति,
मा. सुनावणी अधिकारी,
सार्वजनिक चित्रे व पुतळे तक्रार कक्ष,
तात्पुरती कचेरी, जुन्या तंबाखू वखारीचा वरचा मजला,
निपाणी.

अर्जदार : डॉ. भीमरत्न भीमाप्पा मधाळे, दंतवैद्य, खासबाग, बेळगाव. मूळ राहणार मौजे पांगरेवाडी, बोरगावजवळ.

विषय : पांगरेवाडी चावडीच्या भिंतीवरील ‘जलदान’ या चित्राच्या आदेशात माझ्या आईच्या जबाबाचा उलटा अर्थ लावला गेल्याबाबत, आणि येत्या रविवारी ठरलेला तिचा सत्कार रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) चित्र जतन करण्याचा आपला आदेश. २) माझे आधीचे दोन अर्ज. ते आपल्या कक्षाच्या फलक शाखेत पडून आहेत. तिथे का गेले, ते मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

महोदय,

१. सदर चित्र आपण पाहिलेले आहे, तरी रीत म्हणून वर्णन करतो. चावडीच्या पूर्वेकडील भिंतीवर तत्कालीन गावकामगार पाटील जोत्यावर उभे आहेत. हातातली पितळी घागर त्यांनी छातीच्याही वर धरली आहे आणि जमिनीवर उकिडव्या बसलेल्या एका बाईच्या ओंजळीत ते पाणी ओतत आहेत. घागर आणि ओंजळ यांच्यात एक माणूस सहज उभा राहील एवढे अंतर आहे. चित्राच्या तळाला ठळक अक्षरांत ‘जलदान’ असे लिहिले आहे. हे चित्र बाहत्तरच्या दुष्काळात काढले गेले. त्यातली बाई म्हणजे माझी आई, श्रीमती तानीबाई भीमाप्पा मधाळे. ती हयात आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण दोन्ही बाजूंच्या निवेदनांत तिचा उल्लेख ‘चित्रातील स्त्री-प्रतिमा’ असाच आहे. चित्र काढले तेव्हा मी तिच्या पोटात होतो. म्हणजे चित्रात मीही आहे, दिसत नाही इतकेच. त्यामुळे या प्रकरणाशी माझा संबंध काय, हा आपल्या लिपिकांचा प्रश्न आता निकाली निघावा.

२. या चित्रावरून गावात भांडण पेटले ते बाईवरून नव्हे, अक्षरांवरून. एका बाजूचे म्हणणे, चावडीवर मराठी अक्षरे चालणार नाहीत, सबब चित्र पुसावे. दुसऱ्या बाजूने त्याच पाटलांचे नातू श्री. मारुतीराव पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्र जतन समिती स्थापन केली. तिचे म्हणणे, ही अक्षरे म्हणजे सीमाभागातल्या मराठीची खूण, त्यांना हात लावाल तर रस्त्यावर उतरू. मोर्चे निघाले, बोरगावची बाजारपेठ बंद राहिली, दोन्हीकडची पोरे घसा बसेपर्यंत ओरडली. एवढ्या गर्दीत पाणी इतक्या वरून का ओतले जाते आहे, असे एकानेही विचारले नाही.

३. मी मात्र विचारले. चित्र काढून टाकावे असा पहिला अर्ज मी कन्नडमध्ये केला, कारण मला कन्नड उत्तम येते आणि कचेरीचे काम लवकर होईल असे वाटले. जतन समितीने मला भाषाद्रोही ठरवले. मग तोच अर्ज मराठीत केला, तर दुसरी बाजू म्हणाली, हा त्यांचाच माणूस, आत घुसून बसलाय. महोदय, मजकूर एकच होता. पण दोन्ही अर्ज आपल्या फलक शाखेकडे वर्ग झाले आणि उत्तर आले की, आपल्या दुकानाच्या पाटीवरील अक्षरांचा आकार नियमाप्रमाणे ठेवावा. माझे दुकान नाही, दवाखाना आहे. आणि मी पाटीबद्दल अवाक्षर काढले नव्हते.

४. नंतर आपण स्वतः स्थळ पाहणीला आलात, याबद्दल आभार. गाडीतून उतरल्यावर सगळ्या पुढाऱ्यांना बाजूला सारून आपण माझ्या आईला समोर खुर्ची दिलीत, हेही मी विसरणार नाही. पांगरेवाडीच्या चावडीसमोर ती खुर्चीत बसल्याची ती पहिलीच वेळ. आपण म्हैसूरकडचे, म्हणून आपण कन्नडमध्ये विचारलेत की, त्या दिवशी काय झाले होते. तिची हयात तंबाखूच्या वखारीत कन्नड बायकांबरोबर गेली आहे, तिने कन्नडमध्येच उत्तर दिले. लगेच जतन समितीने आरडाओरडा सुरू केला की, आजींनी मराठीतच बोलावे आणि जबाब मराठीतच लिहावा. आपण वाद नको म्हणून मान्य केलेत. माझी आई बोलली कन्नड आणि आपल्या लिपिकांनी लिहिले मराठी. पाप तिथे झाले.

५. तिचे शब्द होते, “कोड खाली इत्तु.” कोड म्हणजे घागर, इत्तु म्हणजे होती, आणि कन्नडमध्ये खाली म्हणजे रिकामी. घागर रिकामी होती, असे ती म्हणाली. हे आपल्याला कळले असणार, कारण आपण मान वर करून तिच्याकडे बघितलेत, मी शेजारीच उभा होतो. लिपिक महाशयांनी ‘कोड’चे ‘घागर’ केले, ‘इत्तु’चे ‘होती’ केले आणि मधला शब्द ओळखीचा दिसला म्हणून तसाच उतरवला. पंचनाम्यात वाक्य आले, ‘घागर खाली होती.’ पुढे आपल्या सहीसाठी या मराठीचे परत कन्नड भाषांतर झाले. त्यात खालीचे ‘केळगे’ झाले, म्हणजे तळाशी, जमिनीलगत. माझ्या आईचे कन्नड वाक्य मराठीत जाऊन परत कन्नडमध्ये आले तोवर त्यातली घागर पाटलांच्या छातीवरून थेट तिच्या ओठांशी आली होती. आपण ते कन्नड वाचून सही केलीत.

६. त्या जबाबाच्या आधारे आदेशात नमूद आहे की, ‘घागर खाली होती असे सदर महिलेनेच सांगितल्याने पाणी उंचावरून ओतल्याचा आक्षेप टिकत नाही. चित्रात दिसणारी उंची ही चित्रकाराची कलात्मक उंची समजावी.’ महोदय, मी रोज लोकांच्या तोंडात दिवा लावून बघतो. कीड दिसली की तिला कीडच म्हणतो, कलात्मक काळेपणा म्हणत नाही. आणि अक्षरांचा तंटा आपण कसा मिटवलात? ‘जलदान’ हा शब्द मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत शेजारी शेजारी लिहावा. शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. म्हणजे जे खोटे आजवर एकदा लिहिलेले होते ते आता दोनदा लिहिले जाणार. त्यावर दोन्ही बाजूंनी चावडीसमोर एकमेकांना पेढे भरवले. इतक्या वर्षांत त्यांचे एकमत झाले ते नेमके यावर.

७. घागर रिकामी होती म्हणजे काय, ते आता लिहितो, कारण आपल्या पंचनाम्यात त्याला जागा उरलेली नाही. त्या दुष्काळात आमच्या वस्तीचा आड आटला होता. पाटलांच्या विहिरीला आमच्या माणसांनी हात लावायचा नाही, काठाशी बसून राहायचे, कोणाच्या मनात आले तर वरून ओतायचे. हे रोजचे होते. चित्राच्या दिवशी मात्र तेवढेही नव्हते. पाटलांच्या औदार्याचे चित्र काढायला कोल्हापूरकडचे एक चितारी मास्तर आणले होते. भरलेली घागर पाटलांना फार वेळ वर धरवेना, म्हणून ती ओतून रिकामी केली. पाणी जोत्यावर ओतले, माझ्या आईच्या समोर. मग ऐन उन्हात तिला ओंजळ पुढे करून बसवले. तिने घोटभर पाणी मागितले, तेव्हा मास्तर म्हणाले, ओठ ओले झाले तर तहान दिसायची नाही. पाण्याची धार त्यांनी नंतर पांढऱ्या रंगाने काढली. माझी आई गरोदरपणात दिवसभर तहानलेली बसली, तेव्हा कुठे ‘जलदान’ झाले.

८. दुरुस्तीसाठी मी दवाखाना बंद ठेवून आपल्या कचेरीत आलो. लिपिक महाशयांनी पंचनामा काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “डॉक्टर, त्यांचा शब्द आम्ही जसाच्या तसा लिहिलाय. एक काना-मात्रा बदललेली न्हाय. मग दुरुस्त काय करायचं?” खरे आहे. अक्षर न् अक्षर तिचेच आहे. माझ्या आईला तिच्याच शब्दाने खोटे पाडण्याचे काम इतक्या स्वच्छपणे कोणी केले नव्हते. मी जिना उतरलो आणि वखारीच्या दारात चक्क हसलो. राग यायला हवा होता, तो घरी आल्यावर आला.

९. रागाचे कारण रविवारची निमंत्रणपत्रिका. नव्या अक्षरांचे अनावरण, दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांची भाषणे, आणि ‘चित्रातील हयात माता तानीबाई यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व श्री. मारुतीराव पाटील यांच्या हस्ते प्रतीकात्मक जलदान.’ याचा अर्थ काय, ते मी मारुतीरावांना फोनवर विचारले. ते माझे पेशंट आहेत, त्यांची अक्कलदाढ मीच काढली आणि चूळ भरायला पेला त्यांच्या हातात मीच दिला. ते मोठ्या प्रेमाने म्हणाले की, विशेष काही नाही, मावशींनी चित्रातल्यासारखी ओंजळ धरून नुसते बसायचे, आजोबांची तीच घागर घेऊन मी जोत्यावर उभा राहतो, फोटो झाला की झाले. पाणी सांडून मावशींचे लुगडे भिजायला नको म्हणून घागर रिकामीच ठेवू, असेही त्यांनी काळजीने सांगितले. मी फोन ठेवला.

१०. आता माझी मागणी. खरे तर मी हा अर्ज लिहायला बसलो तो चित्र पुसूनच टाका असे लिहायला. माझी मुलगी रचना धारवाडला वकिली शिकते, तिने गावी जाऊन आजीला तसे बसलेले बघावे, हे मला सोसत नाही. पुसले की सुटलो, असे मला वाटते. पण आई खाटेवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, “पुसू नगंस भीमा. पुसलंस की म्हनतील, आसं काय झालंच न्हवतं. आन ऱ्हाऊ दिलंस तर म्हनतील, पाटील लई दयाळू हुता. चितार ऱ्हाऊ दे. त्येच्या बुडाला माझं नाव घाल, आन घागर रिकामी हुती म्हून लिव्ह. कानडीत लिव्ह, मराठीत लिव्ह, मला दोन्ही येतंय.”

माझा आणि तिचा यावर वाद झाला. मी हरलो, म्हणून अर्जात तिची मागणी लिहितो आहे. माझे मन अजूनही पुसावे असेच म्हणते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

११. सबब विनंती की : (अ) जबाबातील ‘खाली’ या शब्दापुढे ‘म्हणजे रिकामी’ एवढे दोन शब्द आपल्या सहीने लिहावेत. (आ) ‘जलदान’ ही अक्षरे दोन्ही लिप्यांतून काढून तिथे आईचे नाव व तिने सांगितलेले वाक्य दोन्ही लिप्यांत लिहावे. (इ) रविवारचा कार्यक्रम रद्द करावा.

(इ) मंजूर करणे आपल्या हातात नाही, मंत्री येणार आहेत, असे मला तोंडी कळवण्यात आले आहे. तेही आईला सांगितले. ती जराही चिडली नाही. म्हणाली, “यीन की मी. त्येला सांग, घागर भरून ठेव. जोत्यावर मी हुबी ऱ्हानार, वंजळ त्यानं धरायची. फोटू काढा म्हनावं पायजे तेवढा.”

तिचा हा निरोप श्री. मारुतीरावांना अधिकृतपणे कळवावा. रविवारी तिला आधार देऊन जोत्यावर मी चढवणार आहे. पोलीस बंदोबस्त लावायचा असल्यास लावावा.

आपला, आजवर नम्र राहिलेला,
(सही)
डॉ. भीमरत्न तानीबाई मधाळे
खासबाग, बेळगाव
दिनांक : रविवारच्या आधीचा गुरुवार

सोबत : काहीही जोडलेले नाही. आईचा जबाब पुन्हा घ्यायचा असल्यास आपण घरी यावे. ती जी भाषा बोलेल ती लिहिता येणारा माणूस बरोबर आणावा. उन्हातून याल, पाणी ती स्वतः देईल, तांब्या आपल्या हातात देऊन.