चौथ्या टोपलीपाशी

रविवार, १४ तारीख, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालतो. विचारायचा हक्क मी सहा वर्षांपूर्वीच घालवून बसलोय. इकडे आम्ही सगळे ठीक. बायकोचे गुडघे कुरकुरतात, आणि तीही कुरकुरते, त्यामुळे दोघांचं बरं जमतं. तुझी भाची चिऊ बावीस वर्षांची झाली. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. मी अजून शाळेची बसच चालवतो. चौतीस मुलं, सकाळी एक फेरी, दुपारी एक.

पत्राला निमित्त असं काही नाही. इथल्या मोठ्या बागेत एक नवा खेळ आलाय, तो तुला सांगावा म्हटलं. डिस्क गोल्फ म्हणतात त्याला. गोल्फच, पण काठी नाही, चेंडू नाही. ताटलीएवढी प्लास्टिकची चकती फेकायची. खड्डाही नाही. लोखंडी खांबावर टोपली, तिच्यावर साखळ्यांचा झुबका. चकती साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की झालं. अशा अठरा टोपल्या झाडांमधून मांडल्यात. कमीत कमी फेकींत पोचेल तो जिंकला. चिऊला मैत्रिणींनी याचा नाद लावला आणि आज सकाळी ती मला ओढून घेऊन गेली. म्हणाली, रविवारभर भिंतीकडे बघत बसता, चला जरा.

लांब जाणाऱ्या चकतीला ड्रायव्हर म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे ही आमच्याच भाऊबंदातली. चिऊ खूप हसली. पहिल्या टोपलीला मला सात फेकी लागल्या, तिला तीन. दुसरीला माझी चकती हरवली. दहा मिनिटं झुडपं धुंडाळली. ती माझ्या बुटापाशीच पडलेली होती. चिऊ म्हणाली, बाबा, तुम्ही मुद्दाम करता ना? मी म्हटलं, हो.

चौथ्या टोपलीला जरा घोटाळा झाला. माझ्या हातून सुटलेली चकती चिऊला लागली. डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडावर. तीन टाके पडले. घाबरू नकोस, डोळा शाबूत आहे. माझ्या डोळ्यांवर ऊन आलं होतं, इतकंच. बाकी विशेष काही नाही.

गुरुवार, १८ तारीख

ताई, रविवारी लिहिलेलं पत्र टाकलं नाही. त्याच कागदाच्या पाठीवर लिहितोय. पुढच्या बाजूचं सगळं खरं आहे, फक्त ऊन खोटं आहे. त्या दिवशी सकाळपासून ढग होते.

फेकायला सिमेंटचा ओटा असतो. समोर दोन्हीकडे झाडं आणि मधून गल्लीसारखी वाट. चिऊने आधी फेकली होती. तिची चकती उजवीकडे जवळच पडली, म्हणून ती तिथे जाऊन उभी राहिली. माझ्यापासून पंधरा पावलांवर. अंगात लाल जाकीट. मी समोर पाहिलं, वाट मोकळी दिसली, फेकली. पुढे जो आवाज आला तो साखळ्यांचा नव्हता.

ती खाली बसली होती. हात गालावर, बोटांमधून रक्त. मी धावलो तर एका मुळाला अडखळून पडलो. मग तीच उठून आली आणि तिनेच मला उठवलं. ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, मी तुमच्या समोर उभी होते."

दवाखान्यात टाके घालून झाल्यावर तिने विचारलं, तुम्हाला नीट दिसतं ना, उद्या बस आहे. मी म्हटलं, दोन महिन्यांपूर्वीच तपासून घेतले, सगळं ठीक आहे. पोरगी दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासते, पण बापाचं बोलणं तपासून बघावं असं तिच्या मनात आलं नाही. तिने मान डोलावली.

तपासले होते, ताई. पण दोन महिन्यांपूर्वी नाही, गेल्या वर्षी. आणि ठीक काही नव्हतं. काचबिंदू. बापाकडून आलेला, अण्णांचाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाजूचं दिसणं गेलंय, ते परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी टिकवता येईल. आणि बस आजपासून बंद. मी हो हो म्हटलं आणि बाहेर आलो. थेंब आणलेच नाहीत. घरात बाटली दिसली असती तर विचारणा झाली असती. नोकरीतल्या तपासणीत भिंतीवरचा तक्ता वाचायला लावतात. समोरचं मला अजून शेवटच्या ओळीपर्यंत येतं, त्यामुळे तिथे निभावलं.

त्यानंतर अकरा महिने मी ती चौतीस मुलं नेली आणली. सारखी मान डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मुलांनी माझं नाव घुबडकाका ठेवलं होतं. मीही त्यांच्याबरोबर हसायचो.

लेकीच्या गालावर टाके पडले त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी बस काढली. सोमवारी दोन्ही फेऱ्या केल्या. मंगळवारी सकाळी तिसऱ्या थांब्यावर मुलं चढली, दार लागलं, मी ब्रेकवरून पाय काढला आणि मुलांना चढवणाऱ्या बाई किंचाळल्या. मी पाय दाबला तो त्यांच्या आवाजावर, डोळ्यांच्या भरवशावर नाही. पहिलीतली एक मुलगी डाव्या चाकापुढे वाकली होती. चाक आणि तिची पिवळी टोपी यांच्यात वीतभर जागा राहिली. तिला खरचटलंही नाही. वर आली आणि मलाच समजावून सांगू लागली, घुबडकाका, माझी बाटली घरंगळली होती ना.

मग हँडब्रेक ओढला तो मला सोडता येईना. किल्ली काढून बाईंच्या हातात दिली आणि म्हटलं, "दुसरा ड्रायव्हर बोलवा. मला दिसत नाही."

त्यांना वाटलं आत्ताच डोळ्यांना काही झालं. त्या पाण्याची बाटली घेऊन पुढे आल्या. कधीपासून, म्हणून विचारलं. मी म्हटलं, वर्ष होईल. त्यांच्या दोन नाती त्याच बसने जातात. ताई, त्या बाई मागे वळल्या आणि पुढच्या बाकांवरची सगळी मुलं उठवून एकेक करून पार मागे नेऊन बसवली. बस उभी होती, किल्ली त्यांच्याच हातात होती, तरीसुद्धा.

डेपोच्या साहेबांनी लायसन ठेवून घेतलं. पालकांची सभा भरणार आहे, तक्रार होईल म्हणतात. व्हायला हवी. काल पुन्हा डोळे दाखवले. उजव्या डोळ्यात आता नळीतून बघावं तेवढंच उरलंय. थेंब वेळेवर घातले असते तर इतकं गेलं नसतं. बायको ताट वाढते आणि आत निघून जाते. चिऊ मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "मला लागलं त्याचं काही नाही बाबा. पण मी तुम्हाला विचारलं होतं."

आज सकाळी चालत बागेत गेलो. तिचं लाल जाकीट दवाखान्यातून आल्यापासून घरीच पडलंय, ते घेऊन गेलो. चौथ्या टोपलीच्या वाटेवर, ती उभी होती तिथल्या फांदीला ते अडकवलं आणि परत ओट्यावर जाऊन उभा राहिलो. समोर बघितलं. टोपली दिसली, साखळ्या मोजता आल्या असत्या. जाकीट कुठेच नव्हतं. मान वळवली की लाल, सरळ केली की नाही. किती वेळ तेच करत होतो कोण जाणे. मागे खेळणारे खोळंबले होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, काका, फेकताय ना? मी ओट्यावरून बाजूला झालो.

सहा वर्षांपूर्वी तुझ्या घरी अण्णांचा धक्का लागून माझ्या कागदांवर पाणी सांडलं होतं, आणि मी म्हटलं होतं, डोळे फुटले का तुमचे. नऊ वर्षं तू त्यांचं सगळं करत होतीस आणि मी तासाभराचा पाहुणा. तू मला बाहेर काढलंस ते योग्यच केलंस. पण मी बूट घालत असताना तू म्हणाली होतीस, आपल्या घरात हे आहे, डोळे दाखवून घे. तो मला शाप वाटला. मागे अण्णा भिंत धरून उभे होते, जाऊ दे गं, लहान आहे म्हणत. चव्वेचाळीस वर्षांचा होतो मी.

आता मुद्द्याचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे रक्तात उतरतं, मुलीला ताबडतोब तपासा. चिऊ माझ्याबरोबर येत नाही, माझा फोन उचलत नाही. आणि उचलला तरी डोळ्यांबद्दल माझ्या शब्दाला आता काय किंमत? आईचंही ती ऐकत नाही, म्हणते तूही त्यांचीच बाजू घेतेस. तुझं ऐकेल. तू खोटं बोललीस असं आपल्या घरात कोणीच कधी म्हटलेलं नाही. तिच्या मैत्रिणीचा पत्ता खाली लिहिलाय. तिला तू घेऊन जा. तिच्यासमोर मला हव्या तितक्या शिव्या दे, माझं नावही घेऊ नकोस, कसंही कर, पण या आठवड्यात जा. ताई, माझ्याकडे मागायला दुसरं माणूस उरलेलं नाही.

मला माफ कर असं लिहीत नाही. तेवढी लाज अजून आहे.

या पत्राचं उत्तर मला नको, तिला दे.

तुझ्याशिवाय कोणाकडे जाऊ न शकणारा,
तुझा धाकटा भाऊ