ओहोटी साडेबाराला

प्रिय ताई,

सर्वप्रथम मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. हल्ली पायमोज्यांनाही डावा-उजवा असतो. मी पन्नाशी ओलांडून चार वर्षं झालेला, कर भरणारा, रांगेत शेवटी उभा राहणारा नागरिक आहे. आजवर माझा कुठलाही मोजा कुठल्याही पायाशी मुकाट्याने संसार करायला तयार असे. काल चालायचे मोजे घ्यायला गेलो, तर दुकानदाराने त्यांच्यावरची बारीक अक्षरं दाखवली आणि डाव्या पायातला उजव्यात घातलात तर फोड येतील, अशी धमकी दिली. म्हणजे सकाळी धड डोळे उघडायच्या आधीच माणसाला चूक करायची आणखी एक सोय. तरी मी घेतले. तुझ्यासाठीही दोन जोड घेतले. तुझं माप मला माहीत नव्हतं म्हणून दुकानातूनच भाचीला फोन केला. ती म्हणाली की आईच्या पायांना सूज असते, एक माप मोठंच घे मामा.

हो, मोजे तुझ्यासाठी. आपण चालायला जाणार आहोत. पाच दिवस, चार गावं, समुद्राच्या काठाकाठाने. रागावण्याआधी पुढचं वाच. पत्राचा हा एकच फायदा आहे की तुला मध्येच फोन आपटता येत नाही.

तू काय ठरवलं आहेस ते मला ठाऊक आहे. या महिन्याच्या अखेरपर्यंत डायलिसिसला जाईन, एक तारखेपासून नाही, असं तू आधी डॉक्टरांना सांगितलंस आणि मग भाचीला, तेही गॅसवाला उद्या येणार आहे हे सांगावं तशा सुरात. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं की मशीन थांबल्यावर दहा दिवस, फार तर पंधरा. ती रडत घरी आली, तर तू कपाटं आवरत होतीस आणि कुठली स्वेटरं कुणाला द्यायची हे तिलाच विचारत होतीस. नऊ वर्षं, आठवड्यातून तीन दुपारी, दर वेळी दोन सुया आणि चार तास. धीर सोडू नकोस वगैरे मी लिहिणार नाही. ज्यांना स्वतःला इंजेक्शन घेताना भिंतीकडे तोंड करावं लागतं, त्यांनी असली वाक्यं दुसऱ्याला लिहू नयेत. मी फक्त वेळापत्रक पाठवतोय.

मंगळवारी नऊ तारखेला आपण दीपगृहाच्या गावातून निघायचं. तिथून बर्फाच्या कारखान्याचं गाव सहा किलोमीटर. सपाट वाट, एका बाजूला कठडा, चढ म्हणशील तर एका पुलाचा. बुधवारी चालायचं नाही. सकाळी धक्क्यापर्यंत जाऊन होड्या बघायच्या आणि दुपारी तिथल्या दवाखान्यात तुझे चार तास. खुर्ची खिडकीजवळची आहे, मी बसून पाहिली. गुरुवारी सात किलोमीटर, होड्या रंगवतात त्या गावापर्यंत. शुक्रवारी तिथे पुन्हा मशीन. शनिवारी शेवटचे पाच किलोमीटर. जिथे रस्ताच संपतो आणि बसवाल्याला गाडी वळवायला घाम फुटतो, त्या टोकाच्या गावात मुक्काम. रविवारी बसने घरी, सोमवारी तुझं नेहमीचं मशीन. सामान एक गाडीवाला पुढे नेऊन ठेवेल. आपण फक्त पाय उचलायचे.

हे एवढं सरळ दिसतंय म्हणून ते सरळ जमलं असं समजू नकोस. दुसऱ्या आणि तिसऱ्या गावाच्या मध्ये कड्याखालची वाळू आहे. तिच्यावरून ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढंच चालता येतं, एरवी तिथे समुद्र असतो. मी मोठ्या ऐटीत तो टप्पा बुधवारी टाकला होता. बुधवारी ओहोटी पावणेबाराला आणि मशीन बाराला. मी दवाखान्यातल्या तंत्रज्ञाला विनवून पाहिलं की दोन तास पुढे-मागे करा. तो म्हणाला की त्यापेक्षा समुद्राला विचारून बघा, तो रोज पाऊण तास उशिरा येतो, आमचं मशीन येत नाही. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात दर रविवारी लोकांची टोपी उडवत आलोय, पण माझी इतक्या सहज कुणी उडवली नव्हती. मग सगळं एक दिवस सरकवलं. गुरुवारी ओहोटी साडेबाराला. ओहोटी अशी भर दुपारी येणारा आठवडा पंधरवड्यातून एकदा येतो, आणि दोन्ही गावांतल्या खुर्च्या रिकाम्या असलेला असा पहिला आठवडा हाच निघाला. तुझ्या एक तारखेच्या नंतरचा. हे मी मुद्दाम केलं नाही. थोडंसं केलं.

आणखी एक चूक कबूल करतो, कारण ती भाची तुला सांगेलच. त्या दवाखान्यांना तुझे कागद पाठवायचे होते. त्यात वजनाचा रकाना होता, अंगातलं जादा पाणी काढून टाकल्यावर जे उरतं ते वजन. मी बासष्ट किलो लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाचा फोन. तुमच्या जुन्या कागदांवर सत्तेचाळीस आहे, मग हे पंधरा किलो बाईंनी कुठून आणले, की येताना समुद्र पिऊन येणार आहेत? मी हसलो. फोन ठेवल्यावर आठवलं की बासष्ट हे तुझं वजन मला कुठून माहीत होतं. भाचीच्या जन्मानंतर तू स्टेशनवरच्या वजनकाट्यावर उभी राहिलीस, कार्ड बाहेर आलं आणि तू ते माझ्या खिशात कोंबून म्हणालीस की कुणाला दाखवलंस तर याद राख. मी दाखवलं नाही. पण त्यानंतर तुला नीट पाहिलंही नाही, असं दिसतंय. माझ्या डोक्यात तू अजून तेवढीच आहेस, आणि तिकडे पंधरा किलो ताई गेली.

तुला आठवतं का, तू शाळेत भूगोल शिकवायचीस तेव्हा मी एकदा तुझ्या वर्गाच्या मागच्या बाकावर येऊन बसलो होतो? तू खडू घेतलास, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यावर टेकवलास आणि तो एकदाही न उचलता खालपर्यंत सगळा किनारा काढलास. खाड्या, भूशिरं, ते वाकडं नाक, सगळं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तू वळून म्हणालीस की टाळ्या कसल्या वाजवता, नावं सांगा. तीस वर्षं तू तो किनारा हाताने चाललीस. पायाने एक किलोमीटर नाही. आधी शाळेच्या सुट्ट्या आणि सासूबाईंचं दुखणं एकाच वेळी यायचं, मग भाऊजी आजारी, मग भाचीच्या परीक्षा, मग हे मशीन. दर वर्षी पुढच्या वर्षी. मी तेव्हा तुला चिडवायचो की शिक्षिकेला सगळा देश तोंडपाठ आणि बाजाराच्या पुढचा रस्ता विचारावा लागतो. ते मी परत घेतो.

गेल्या आठवड्यात मी एकटा जाऊन ही वाट चालून आलो. वही घेऊन गेलो होतो. तू किती पावलांवर थकतेस ते भाचीला विचारलं होतं, ती म्हणाली तीनशे. म्हणून बाक मोजत गेलो. पहिल्या दिवशीच्या वाटेवर बाक भरपूर आहेत, फक्त पुलानंतरच्या एकाची फळी निघाली आहे. गुरुवारच्या वाळूवर बाक नाहीत, तिथे मी घडीचं स्टूल पाठीला बांधून चालणार. सावली कुठे, संडास कुठला स्वच्छ, कुठल्या टपरीवाल्याला मीठ कमी टाक म्हटलं की राग येतो, सगळं लिहून आणलंय. तुझं दिवसाचं पाऊण लिटर पाणी मी एका बाटलीत चिकटपट्टी लावून आखलं आहे. समोर एवढं पाणी आणि तुला एवढंच, या विनोदाबद्दल कुणाकडे तक्रार करायची ते मला सापडलं नाही. तिसऱ्या गावात जाळी विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला पावलं मोजताना पाहिलं आणि विचारलं की सरकारी काम का? मी म्हटलं, बहिणीला आणायचंय, ती आजारी आहे. त्याने जाळ्यातून मान वर केली नाही. म्हणाला, "मग मोजत काय बसलाय? आणा." मी त्याच्या शेजारीच त्या ओल्या दोऱ्यांच्या ढिगावर बसलो आणि मला उठवेना. म्हाताऱ्याने थोडं सरकून जागा तेवढी करून दिली.

ताई, मी रोज संध्याकाळी भाचीला फोन करतो आणि ती रोज एकच सांगते की आई म्हणते ठरलंय ते ठरलंय. नऊ तारीख डॉक्टरांच्या त्या दहा दिवसांच्या उंबरठ्यावर येते. मी हे गणित दिवसातून वीस वेळा करतो आणि ते वीस वेळा तेच येतं. खोलीत चकरा मारतो, वेळापत्रक नव्या कागदावर उतरवतो, दवाखान्यांना उगाच फोन करून खुर्ची आहे ना विचारतो. तिथली मुलगी आता माझा आवाज ऐकताच आहे हो काका म्हणते. माझ्याकडे युक्तिवाद नाही. असता तर छापून काढला असता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. नऊ वर्षांपूर्वी तुझ्या किडन्या गेल्या तेव्हा भाऊजी नव्हते, भाचीचा रक्तगट वेगळा निघाला, उरलो मी. मी तपासणी करून आलो आणि जुळत नाही म्हणाले, असं मी तुला सांगितलं. मी तपासणी केलीच नाही. इस्पितळात गेलो, फॉर्म भरला, चाळीस मिनिटं बसलो, माझा नंबर पुकारला तेव्हा उठलो आणि दाराकडे चालू लागलो. कुणी अडवलं नाही. आता तुझं हे ठरल्याचं सांगायला भाचीचा फोन आला, त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी परत त्याच इस्पितळात गेलो, या वेळी बसलोच नाही. जुळतं, ताई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सख्ख्या भावंडांतही इतकं क्वचितच जुळतं. पण माझ्या साखरेने माझ्याच किडन्या अर्ध्या खाऊन ठेवल्या आहेत, आता त्या कुणाच्याच कामाच्या नाहीत. नऊ वर्षांपूर्वी आला असतात तर, एवढं वाक्य त्यांनी गिळलं. सभ्य बाई. त्यामुळे तुला द्यायला माझ्याकडे हे पाच दिवसच उरलेत. थांब किंवा थांबू नकोस म्हणायचा हक्क मी त्या दारातून बाहेर पडताना घालवला, तरी म्हणतो, थांबू नकोस. आणि थांबायचंच असेल तर माझ्या खोट्याला खरं मानून ठरवू नकोस. नऊ वर्षांपूर्वी मी तुला फोनवर जुळत नाही म्हटलं. तू अगदी हळू विचारलंस, "भीती वाटली का रे तुला?" मी म्हणालो आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस, आणि तुझं उत्तर माझ्याकडे तसंच राहून गेलं. हो, ताई. वाटली.

तुझाच,
धाकटा