चिंगीचं कच्चं दूध

४ मार्च
आजपासून चिंगीला दूध न तापवता द्यायचं. ठरलं म्हणजे ठरलं. तापवलं की दुधातली ताकद जाते, असं गवळी म्हणाला. सासूबाई तीन-तीनदा उकळतात, नुसतं पांढरं पाणी उरतं. त्यावरच वाढलाय त्यांचा मुलगा, दिसतंच आहे. पोर दोन वर्षांची झाली तरी वजन भरत नाही. बघणारे सगळे माझ्याकडे बघतात.

५ मार्च
सासूबाई म्हणाल्या, कच्चं नको गं देऊ, कासेला शेण लागलेलं असतं. मी म्हटलं, गाळून देते. त्यांनी गाळणं धुऊन माझ्या हातात दिलं. त्यांची शाळा दुसरीपर्यंत, माझी सातवीपर्यंत. काय बोलणार?

९ मार्च
गवळ्याच्या गाईची कास सुजलीय. इंजेक्शनं चालू आहेत. जनावरांचा डॉक्टर त्याला म्हणाला, काही दिवस हे दूध विकू नको. गवळी म्हणतो, ओतून द्यायला जीव होत नाही. बरोबरच आहे. उलट इंजेक्शनचं औषध दुधात उतरणार, म्हणजे चिंगीला आपोआप डोस. हे आमच्या घरात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. एक पेला जास्त दिला.

११ मार्च, सकाळ
जुलाब. सात वेळा. दाढा येत असतील.

संध्याकाळ
अंग तापलंय. मी घाबरलेले नाही. नवरा म्हणाला, डॉक्टरकडे नेऊ. याला शिंक आली तरी डॉक्टर लागतो. मागच्या खोकल्याची अँटिबायोटिकची अर्धी बाटली आहे घरात. दोन चमचे पाजलं.

१३ मार्च
जुलाब थांबले. औषध बंद केलं. उरलेलं पुढच्या वेळी होईल. डॉक्टर लोक उगाच एवढी वर्षं शिकतात.

१४ मार्च
परत सुरू. थोडं रक्त पडलं.
थोडं नव्हतं.

१६ मार्च, हॉस्पिटल
डॉक्टरीण माझ्याहून लहान दिसते. हिला काय कळणार. सलाइनला शीर सापडेना, चार वेळा टोचलं. चिंगी रडलीसुद्धा नाही. रडायला हवी होती.
रिपोर्ट आला. दुधातून जंतू गेलेत म्हणे, आणि नेहमीच्या औषधांनी ते मरतच नाहीत. दोन देऊन झाली. आज तिसरं लावलं. मी विचारलं, यानं मरतील ना? म्हणाली, उद्या बघू. हे तर मलाही सांगता आलं असतं.

१७ मार्च
ताप उतरला. पोरीनं पाणी मागितलं.
डॉक्टरीण आली. विचारलं, कच्चं दूध कोण देत होतं? आणि जुनं औषध मनानं कुणी पाजलं? मी म्हटलं, सासूबाईंनी.
सासूबाई तिथेच होत्या, चिंगीचे पाय चोळत. डॉक्टरीण त्यांना सगळ्या वॉर्डासमोर बोलली. म्हणाली, आजी, लेकरू गेलं असतं हातचं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. चुकलं बाई, म्हणाल्या.
डॉक्टरीण गेली. मी वाट बघत उभी राहिले, आता मला बोलतील म्हणून.
म्हणाल्या, जा, तोंड धुऊन ये. पोर उठली की तुलाच शोधेल.