खालून दिसलेला ढग

॥ श्री ॥
वरची वाडी, वरंध
२१ सप्टेंबर २००३

चि. मंगेशभावजींस, नूतनवहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. सिनेमाच्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरवर नुसते ढग काढता, हे मी आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडं फुकट हायत, चार घेऊन जा म्हणावं.

थट्टा पुरे, एक काम आहे. पाऊस परतीला लागला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मामंजी माळावर वीज पडून गेले त्याला या आश्विनात पाच वर्षं होतील. तुमचे दादा तेव्हा शेजारीच होते. त्यांचा डावा कान तेव्हाच गेला आणि उजव्याला लांबचा गडगडाट ऐकू येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कड्याखाली गुरं चारताना मागून चढणारा ढगही दिसत नाही. म्हणून मी अंगणातल्या बांबूला लाल लुगडं चढवते आणि ते बघून हे खाली येतात. आई दुपारनंतर भिंतीकडे तोंड करून बसतात, आभाळाचं नाव काढत नाहीत. उरले मी. आणि मी तुडीलची. आम्ही भ्यायचं ते सावित्रीच्या पुराला. आभाळातलं मला काय कळतंय?

गेल्या तीन दिवसांत चार वेळा लुगडं चढवलं आणि एक थेंब पडला नाही. गुरं अर्धपोटी राहिली. हे चिडून म्हणाले, कापसाच्या बोंडाला पण भितंस गो तू. वाडी हसते त्याचं काही नाही. पण असंच चाललं तर एक दिवस हे लुगडं बघूनही येणार नाहीत.

तुम्ही ढगांची नावं शिकलात ना? मग मारणारा कुठला आणि नुसता मिरवणारा कुठला, तेवढं काढून पाठवा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची वहिनी,
नूतन


गोरेगाव, मुंबई
२७ सप्टेंबर २००३

ती. वहिनीस, मंगेशचा शि. सा. न. वि. वि.

तुझं काम केलं. सोबतच्या कागदावर तीन ढग आहेत, ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर छापून घेतलेत. पहिला तंतुमेघ, पिंजलेल्या लोकरीसारखा, खूप उंचावर असतो. त्याला भिऊ नको. दुसरा राशिमेघ, खाली सपाट आणि वर फुलकोबी. दादा ज्याला कापसाचं बोंड म्हणाला तो हाच. वाढत गेला नाही तर तोही गरीब.

तिसरा नीट बघ. हा डोंगरासारखा चढत जातो आणि फार उंच गेला की त्याचं डोकं चपटं पसरतं, लोहाराच्या ऐरणीसारखं. विजा याच्याच पोटात. ते डोकं दिसलं की लुगडं चढव. नाही दिसलं तर दादाला खुशाल चारू दे.

हा तिसरा मी सिनेमासाठी महिनाभर काढत होतो. एकावर एक चाळीस थर आहेत त्यात. उन्हाकडची कड जरा जास्त मऊ झाली की ढगाचा कापूस होतो, जरा कडक राहिली की दगड. फोटोंची जाडजूड पुस्तकं समोर ठेवून बसलो, तेव्हा कुठे सर म्हणाले की हा खरा वाटतो. वहिनी, बाबा गेले त्या दिवशी मी मुंबईत होतो. तो ढग मी पाहिलाच नाही. म्हणूनच बहुधा सारखा काढत बसतो.

आईला नमस्कार. दादाला सांग, वहिनी सांगेल ते ऐकायचं.

तुमच्या जिव्हाळ्यातला,
मंगेश


॥ श्री ॥
वरची वाडी, वरंध
६ ऑक्टोबर २००३

चि. मंगेशभावजींस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल दसरा झाला. पाकिटात आपट्याची दोन पानं आहेत, मुंबईचं सोनं खोटं असतं म्हणून इथलं पाठवते.

तुमचं चित्र दाराशेजारी लावलं आहे. रोज जेवणं झाली की मी एकदा चित्र बघते, एकदा आभाळ. आठ दिवसांत लुगडं एकदाच चढवलं. कड्यामागून अगदी तुमच्या तिसऱ्यासारखा वर आला होता, डोक्यासकट. हे खाली आले आणि तासाभरात भोरच्या बाजूला कडकडाट झाला. तेव्हापासून माझी वट वाढली आहे. गुरं पोटभर चरतात, आमची भांडणं मिटली. हे सगळ्यांना सांगतात, भाऊ मुंबईत बसून आमास राखतो.

भीती गेली असं नाही. पण आता ती कुठे धरायची ते कळलं, त्यामुळे झोप लागते.

आठवण ठेवता, तशीच ठेवत राहा.
तुमची वहिनी,
नूतन


गोरेगाव, मुंबई
१२ ऑक्टोबर २००३

ती. वहिनीस, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र हातात पडताच चित्र भिंतीवरून काढ.

माझी चूक झाली आहे. काल एक दृश्य करत होतो, माळावर एकटा गुराखी आणि त्याच्यावर वादळ. मी त्याच्या डोक्यावर आपला तिसरा ढग ठेवला. आमच्याकडे गौतमीताई म्हणून जुन्या चित्रकार आहेत. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "हा ढग तू कुठून बघतोयस?" मी पुस्तकातला फोटो दाखवला. मग त्यांनी समजावलं की असं डोकं वीस-तीस मैलांवरून दिसतं. जो खाली उभा आहे त्याला ते कधीच दिसत नाही. त्याला फक्त ढगाचं पोट दिसतं, काळपट, सपाट, बिनआकाराचं. कधी तर नुसतं आभाळ भरून आल्यासारखं.

ती पुस्तकं, ते फोटो, सगळे लांबून काढलेले. तुला मी लांबून बघायला शिकवलं, आणि तुम्ही तर त्याच्या खाली राहता. तुझं ते झोप लागते लिहिलेलं पत्र मी पुन्हा वाचू शकलो नाही.

वरंधच्या दुकानात चार वेळा फोन लावला, लाइन बंद आहे. रजा शनिवारची मिळाली, तेव्हा निघतो. तोवर आभाळ जरा जरी काळवंडलं तरी लुगडं चढव. वाडी हसली तर हसू दे. दादाशी भांडण झालं तर माझं नाव सांग.

देवाजवळ तुमचं सुख मागणारा,
मंगेश


॥ श्री ॥
वरची वाडी, वरंध
१६ ऑक्टोबर २००३

चि. मंगेशभावजींस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

रामजीकाका आज मुंबईला निघालेत, त्यांच्या हाती हे देते. तुम्ही इथे पाऊल टाकायच्या आत ते तुम्हाला मिळायला हवं.

आधी हे सांगते की तुमचे दादा जिवंत आहेत. खातात, पितात, अंगणात फिरतात.

सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास आभाळ भरलं. ना डोंगर, ना डोकं, ना कड. तव्याच्या बुडासारखं सगळीकडे सारखंच काळं. मी लुगडं हातात घेतलं. त्याचं एक टोक बांबूला बांधलंसुद्धा. मग आत जाऊन चित्र बघितलं, बाहेर येऊन आभाळ बघितलं, आणि गाठ सोडली. गुरं आताच कुठे अंग धरत होती. मग माळावर वीज पडली. त्याआधी एकदाही गडगडलं नाही. पहिलीच वीज होती ती.

कपिला गाय जागच्या जागी गेली. हे दहा पावलांवर होते. शेजारच्या महादूनं यांना खांद्यावर घालून खाली आणलं. महाडच्या डॉक्टरांनी तपासलं, उजव्या कानाचा पडदाही फाटला आहे, ऐकू येण्याची आशा धरू नका म्हणाले. आता आम्ही हातवारे करून बोलतो.

शुद्धीवर आल्यावर यांनी मला एकच विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "लुगडा का नाय चढवलास गो?" मी गालाखाली हात ठेवून, डोळे मिटून दाखवले. मला झोप लागली होती असं सांगितलं. आई परवापासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत.

तुमचं पत्र काल आलं. वाचलं आणि चुलीत घातलं. आता दुपारी आभाळात काळा ठिपका जरी आला तरी मी लुगडं चढवते. वर कोणी नसतं, तरी चढवते.

चित्र भिंतीवरून काढलेलं नाही. बघायला जो येतो त्याचा हात धरून हे त्याला दाराशी नेतात, तिसऱ्या ढगावर बोट ठेवतात आणि मोठ्यानं सांगतात, माझ्या भावानं काढलाय. शनिवारी तुमचाही हात धरून नेतील. तेव्हा रडू नका. मला झोप लागली होती, तुम्हीही हेच धरून चाला.

तुमच्यावरचा माझा लोभ होता तेवढाच आहे, याबद्दल शंका आणू नका.
तुमची वहिनी,
नूतन