आवतण अक्कांना, पोचलं एकसष्ट हजारांना

सास्तूर,
पौष शुद्ध षष्ठी

ती. अक्का यांना धाकट्या जावेचा, म्हणजे प्रयागाचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पुण्यात थंडी कशी आहे? तुमचा उजवा खांदा कसा आहे? कृष्णराज वेळेवर जेवतो का, आणि सूनबाई तुम्हाला दुपारी जरा पडू देते का? हर्षालीची परीक्षा झाली असेल. इकडं आम्ही सगळे खुशाल. यांचा गुडघा बसताना वाजतो आणि उठताना वाजत नाही, म्हणून डॉक्टरला दाखवायचा की नाही यावर दोन महिने विचार चालू आहे. तांबडी म्हैस व्याली, रेडी झाली. अंगणातली तुमची जास्वंद यंदा इतकी फुलली की दिवाळीला मी तिचा फोटो काढून स्टेटसला ठेवला होता. (स्टेटस म्हणजे काय ते पुढं येईल. मी आता शिकलेली बाई आहे.)

फोन करायला हवा होता, खरं आहे. पण फोन केला की हर्षाली उचलते आणि आजी देवाजवळ बसलीय म्हणते. सकाळी सातला देवाजवळ, दुपारी तीनला देवाजवळ, संध्याकाळी मालिकेच्या वेळेलासुद्धा देवाजवळ. (रागावू नका, पण चार वर्षं इतका वेळ समोर बसलेल्या माणसाला देवानंच आता घरी जा म्हणून सांगितलं असतं.) पत्राचं तसं नसतं. ते एकदा हातात पडलं की माणूस उघडतोच, निदान शिव्या द्यायला तरी.

चार येळवसा झाल्या अक्का, तुम्ही सणाला आला नाहीत. तुम्ही कारण कुणाला सांगितलं नाही आणि मला कुणी विचारलं नाही, म्हणजे सगळ्या गावाला ते ठाऊक आहे. त्या वर्षी आंबील पाणचट झाली, शेतातल्या कोपीत बसलेल्या पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली, आणि मी हसत हसत म्हणाले की अक्कांचा हात आता हलायला लागला. तुम्ही पदराला हात पुसलात आणि वाढत राहिलात. महिन्याभरात कृष्णराजकडं गेलात त्या गेलातच. त्याबद्दल मला एक वाक्य लिहायचं आहे, ते शेवटी लिहीन. आधी इकडं काय रामायण घडलं ते ऐका.

कार्तिकात आमच्या बचत गटाला निरोप आला की मुरुमला तीन दिवसांची कार्यशाळा आहे, मोबाईलवर आपली गोष्ट कशी सांगावी आणि ती लोकांपर्यंत कशी पोचवावी. चहा, जेवण आणि प्रमाणपत्र. गटातून दोघींनी जायचं होतं. बानूबाईचं नाव आधी लागलं, कारण तिच्याकडं मोठा फोन आहे. माझं लागलं, कारण बानूबाईला फोन धरायला कुणीतरी लागतं. शिकवायला नाशिककडची देवश्री नावाची पोरगी होती. गोड बोलायची, पण घड्याळ बघून. सास्तूरच्या बाया आल्यात म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले आणि भूकंपाची गोष्ट सांगा म्हणाली. अक्का, आपल्या गावाला बाहेरचं माणूस आलं की हेच मागतं आणि आपणही सवयीनं देतो. पण त्या दिवशी माझी जीभ वळली नाही. मी म्हटलं, बाई, तीस वर्षं तेच सांगतोय, आता मला दुसरं काहीतरी सांगू दे.

पहिल्याच धड्याला माझं आणि तिचं वाजलं. तिचं म्हणणं, पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला धरायचं, नाहीतर तो अंगठ्यानं तुम्हाला ढकलून पुढं जातो. आता मला सांगा, तीन सेकंदांत आपल्याकडं माणूस चप्पल तरी काढतो का? मी कॅमेऱ्यासमोर बसले, नमस्कार केला, सगळ्यांची तब्येत विचारली, तुमच्याकडं ज्वारी कशी आहे विचारलं, थोरामोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद सांगितले, तेवढ्यात दोन मिनिटं संपली. देवश्री म्हणाली, काकू, मुद्दा कुठं आहे? मी म्हटलं, मुद्दा लगेच सांगितला तर माणूस चहा न घेता निघून जाईल. तिनं ते वहीत लिहून घेतलं, पण गुण काही दिले नाहीत.

बानूबाईचं तर विचारूच नका. तिनं फोनमधलं कसलं तरी बटण दाबलं आणि तिच्या डोक्यावर सशाचे कान आले, गाल गुलाबी झाले. तिला ते काढता येईनात, आणि ती तशीच गंभीर चेहऱ्यानं शेळीपालनावर बोलली. वर ते स्टेटसला गेलं. (स्टेटस म्हणजे आपल्या दाराला लावलेला कागद. येणारा जाणारा वाचतो आणि दुसऱ्या दिवशी आपोआप गळून पडतो.) घरी गुंडप्पा भावजींनी ते पाहिलं आणि म्हणे चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला म्हणाले, चांगली दिसतीस की. तेव्हापासून ती घरातसुद्धा फोन समोर धरूनच बोलते.

दुसऱ्या दिवशी देवश्रीनं जे सांगितलं ते मात्र मला लागलं. ती म्हणाली, हजार लोकांशी बोलायला जाऊ नका, हजार लोक कुणाला दिसत नसतात. ज्याला सांगायचं आहे तो एकच माणूस डोळ्यासमोर आणा आणि त्याच्याशी बोला. सगळ्या बाया विचार करत बसल्या. मला विचार करावा लागला नाही. तुम्ही समोर येऊन बसलातच, हिरवं लुगडं नेसून, माझ्याकडं न बघता.

तिला येळवस ठाऊक नव्हती. मी समजावून सांगितलं की मार्गशीर्षाच्या अमावस्येला आमचं गाव ओस पडतं, सगळे शेतात असतात. कडब्याची कोपी करायची, चुना लावलेले पाच दगड मांडून पुजायचे, डाळी-पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, वर ताकातली आंबील प्यायची. आमच्या घरची रीत अशी की आंबील थोरलीनं करायची आणि तिची बिंदगी, म्हणजे घागर, डोक्यावर घेऊन धाकटीनं शेतात न्यायची. वाटेत ती खाली ठेवायची नाही आणि मागं वळून बघायचं नाही. ती म्हणाली, काकू, हीच तुमची गोष्ट. घरी जाऊन करा.

केली. चुलीपुढं बसले, रिकामी बिंदगी मांडीवर घेतली आणि बानूबाईनं फोन धरला. (दोन वेळा तिचा अंगठा आला, एकदा कोंबडी आली.) म्हटलं, अक्का, येळवस आली. तुमची बिंदगी घासून ठेवली आहे. तुमच्यासारखी आंबील मला येत नाही, तीन वर्षं नुसती ओढून नेते आहे. कोपीत तुमचं पान वाढते आणि संध्याकाळी म्हशीला घालते. यंदा या. आता शेवटी बघणाऱ्याला काहीतरी करायला सांगायचं, असं देवश्रीनं शिकवलेलं. आणि येळवसेचं आवतण एकट्याला देत नाहीत हे तर तुम्हीच मला शिकवलेलं. म्हणून मी म्हटलं, वाटेत भेटेल त्याला घेऊन या, आपल्या कोपीत जागा आहे. तुम्ही गेल्यावर नवा रस्ता झाला, तुम्ही चुकाल म्हणून पत्ताही सांगितला: सास्तूरच्या चौकातून डावीकडं, दोन पूल, पिंपरणीचं झाड, मग बोअर, त्याच्या खाली आमची कोपी.

मला वाटलं हे तुम्हाला पोचेल, फार तर बचत गटाला. तीन दिवसांत एकसष्ट हजार लोकांनी पाहिलं. म्हणजे आपली सास्तूरची जत्रा सात-आठदा भरली तरी पुरणार नाही इतकी माणसं, आणि सगळ्यांना पिंपरणीचं झाड पाठ.

येळवसेला पाचजणांचा स्वयंपाक होता, जास्तीची दहा पानं धरलेली. अकराला उमरग्याचं एक जोडपं आलं. आम्हाला आनंद झाला. मग मुरुमचा एक टेंपो आला. मग कळंबहून एसटीनं निघालेले सहा मास्तर आले, त्यांना तर लोहाऱ्यापासून लोकांनीच वाट दाखवली म्हणे. दुपारी एकपर्यंत बांधावर दीडशे माणूस. हे बांधावर हात जोडून उभे, चेहरा असा की कुणाच्या लग्नात आपणच मुलीचे बाप निघालो. आलेल्याला येळवसेला परत पाठवता येत नाही. बानूबाईनं आपल्या कोपीतली भज्जी भांड्यासकट पाठवली, पलीकडून उंडे आले, वरच्या शिवारातून तिळाच्या पोळ्या आल्या. भावकीत ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांच्याही घरून डब्बे आले. कुणी उपाशी गेलं नाही अक्का. तुमचं नाव राखलं.

पण खरी गंमत पुढं आहे. जो येईल तो चप्पल काढायच्या आधी एकच विचारी, अक्का कुठं हायती? आल्या का न्हाय? म्हातारी माणसं कोपीत डोकावून बघायची. एका बाईनं तर मलाच अक्का समजून पाया पडून घेतलं. पहिल्या वीसजणांना मी सांगितलं, वाटेत आहेत. नंतरच्यांना सांगितलं, गाडी चुकली. तीन वाजता मला सांगता येईना, मी पाठीमागं जाऊन कडब्याशी उभी राहिले आणि रडले. मुरुमच्या शरणम्मा नावाच्या म्हातारबाई मागून आल्या. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, माजी बी अक्का रुसलीय गं, सतरा वर्सं झाली. मग बाटलीभर आंबील मागून घेतली, तिच्यासाठी. जाताना एक घोट घेतला आणि म्हणाल्या, बरी हाय, पर जिनं शिकवलं तिनं निम्मंच शिकवलंय.

तर अशी ही हकीकत. प्रमाणपत्र भिंतीला लावलं आहे. त्यावर माझं आडनाव चुकलं आहे, पण फोटोत कळत नाही. पत्र लांबलं, कागद संपत आला आणि ते वाक्य काही बसेना. सगळ्यांना यथायोग्य सांगा. खांद्याला तिळाचं तेल चोळा, कोमट करून.

तुमची,
प्रयागा

ता. क. १ : येळवसेच्या दुसऱ्या दिवशी कोपी मोडून कडबा जनावरांपुढं टाकतात. मी अजून मोडू दिलेली नाही. हे रोज विचारतात आणि म्हशी रोज माझ्याकडं बघतात.

ता. क. २ : देवश्रीनं सांगितलं होतं की प्रत्येकाच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायचं. चारशे बारा आहेत. रोज दुपारी बसते, एकेकाची तब्येत विचारते, पाऊसपाणी विचारते, त्यामुळं वेळ लागतो. काल दोनशे सत्याऐंशीव्या नंबरवर आले. नाव नुसतं 'आजी'. फोटो आपल्या अंगणातल्या जास्वंदीचा, मीच काढलेला. येळवसेच्या आदल्या दिवशी पहाटे पाचला लिहिलं आहे. एकच ओळ: "यंदा आंबिलीत बोअरचं पाणी घालू नकोस."

अक्का, माझ्या हातून फोन पडला.

ते वाक्य आता लिहिते. त्या वर्षी आंबील तुमच्या हातानं बिघडली नव्हती. मी बिंदगी बांधावर खाली ठेवली होती. फोन नवा होता, ज्वारीचा फोटो काढत बसले, आणि बिंदगी कलंडली. निम्मी आंबील मातीत गेली. मी बोअरचं दोन तांबे पाणी घातलं, ढवळलं आणि कोपीत आणून ठेवली. लोक तुम्हाला बोलले तेव्हा मी गप्प बसले असते तरी निम्मं पाप वाचलं असतं. मी हसले. मला वाटलं होतं कुणी पाहिलं नाही, कारण मागं वळून बघायचं नाही ही रीत तेवढी मी पाळली होती. तुम्ही भज्जीचं भांडं घेऊन मागूनच येत होतात ना? सगळं पाहून चार वर्षं तुम्ही कुणाजवळ, कृष्णराजजवळसुद्धा, एक अक्षर बोलला नाहीत. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं चुकलं, अक्का.

ता. क. ३ : पुढच्या येळवसेपर्यंत वाट बघायला नको. ज्वारी हुरड्याला आली आहे, कोपी उभी आहे, आंबिलीला अमावस्याच लागते असं कुठं आहे? तुम्ही या आणि उरलेली निम्मी शिकवा. बिंदगी मीच डोक्यावर घेईन, फोन तुमच्याकडं देईन, तुम्ही मागून चाला म्हणजे लक्ष राहील. फक्त एका रीतीला या खेपेला माफी द्या. मी वाटेत मागं वळून बघणार आहे, तुम्ही येताय ना ते.