डावा की दायाँ

मुन्शीजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही निवत नाही.

शाळा मी बाहेरूनच पाहिली. कानडी, तेलुगू, दखनी सोलापूरच्या बाजारात कानांनीच कमावल्या. अक्षर मात्र तुम्ही दिलंत, आणि पोलीस कचेरीत आपल्या हाताखाली कारकून म्हणून बसवलंत. आज नवी पेठेत अर्ज लिहून देण्याचं माझं स्वतःचं दुकान आहे. गिऱ्हाईक हसत येतं, हसत जातं. त्या एका कागदाची गोष्ट मात्र मला कुणाला हसून सांगता येत नाही.

मोगलाईतून, निजामाच्या पोलिसांकडून, उर्दूत कागद आला होता: दरोडेखोर पळालाय, तुमच्या मुलखात शोधा, खूण म्हणजे दायाँ कान फाटलेला. तुम्ही वाचत होतात, मी मराठीत उतरवत होतो. दायाँ म्हणजे उजवा, हे मला झोपेतही ठाऊक. पण हात मराठी, त्यानं लिहिलं 'डावा'. तुम्ही न वाचता सही केलीत. कागद ठाण्याठाण्याला गेला आणि चार दिवसांत मंद्रूपच्या बाजारातून एक मेंढपाळ धरून आणला. डावा कान फाटलेला. तो बिचारा शिपायालाच विचारतो, "बोकडानं फाडलाय की ह्यो. सरकारच्या कागदाला कसं म्हाईत?" सगळी कचेरी हसली. मीही हसलो.

त्याला न्यायला पलीकडचा जमादार आला. मूळ कागदाची नक्कल त्यानं आणलीच नव्हती. तुमच्या कागदात आहे ना, मग झालं, म्हणाला. आणि आपल्या शिपायाला, "इसके दायें खडा रह." तो शब्द कानावर पडला आणि मला माझा 'डावा' आठवला. दप्तर सोडून मूळ कागद काढला, तुमच्यापुढं धरला. तुम्ही तो वाचलात, आणि जरा वेळानं दप्तर पुन्हा बांधलंत. मेंढपाळ गेला तो गेलाच. त्याची बायको आठवडाभर कचेरीच्या पायरीवर बसून होती. "कागुद लिवून बोलवा की त्यास्नी," म्हणायची. माणूस धरायला दोन मुलखांचे पोलीस कागदानं जोडलेले होते. माणूस परत मागायला एक कागद निघाला नाही.

मुन्शींनी दाबलं, असंच मी आजवर सांगत आलो. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहितो. दप्तर बांधण्याआधी तुम्ही हळूच विचारलं होतंत, "दुरुस्ती आत्ता देतो. चूक कुणाची लिहू, तुझी की माझी?"

सही तुमची होती, तुम्हीही 'माझी' म्हणाला नाहीत. पण विचारलंत तुम्ही, आणि मी दाराकडं बघत राहिलो.